नवा घ्यायचा की आहे तोच नीट करायचा? लॅपटॉप-मोबाइल बदलण्याआधी काय काय तपासावं

गेल्या उन्हाळ्यात साताऱ्याच्या मामांचा फोन आला. "लॅपटॉप अगदीच रडतखडत चालतोय गं. कोणता घेऊ सांग. पन्नास हजारांपर्यंत जाईन." माझं कोल्हापुरात कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे, त्यामुळे असे फोन मला रोज येतात. मामांना म्हटलं, आठ दिवस थांबा, मी येतेच आहे.

लॅपटॉप २०१८ सालचा होता. आठव्या पिढीचा आय५, ८ जीबी रॅम, १ टीबीची हार्ड डिस्क. चालू करून मामांनी चहा ठेवला, चहा झाला, आणि मग कुठे डेस्कटॉप दिसायला लागला. मी टास्क मॅनेजर उघडला. प्रोसेसर १० टक्क्यांवर, रॅम निम्मी मोकळी, आणि डिस्कचा रकाना सलग १०० टक्के. जुनी फिरती डिस्क सगळ्या लॅपटॉपला मागे खेचत होती. तीन हजारांच्या आसपास एसएसडी, म्हणजे आत काहीच न फिरणारी वेगवान डिस्क, आणली, त्यावर विंडोज ११ टाकलं. आता तोच लॅपटॉप २० सेकंदांत उघडतो, मामांचे ४७ हजार वाचले आणि आजही ते त्यावरच काम करतात.

याच्या अगदी उलट माझ्या मावसबहिणीचं झालं. १४ हजारांच्या फोनला तिने दीड वर्षात आधी डिस्प्ले बसवला, मग बॅटरी, मग चार्जिंगचा जॅक. सगळे मिळून नऊ हजार गेले. आणि पहिली दुरुस्ती केली तेव्हाच त्या फोनला कंपनीकडून सुरक्षेचे अपडेट येणं बंद झालेलं होतं. तिथे पहिल्याच वेळी नवा फोन घ्यायला हवा होता.

दोघांकडूनही एकच गोष्ट राहून गेली होती. दुखणं नेमकं कुठे आहे हे कुणी बघितलंच नव्हतं. म्हणून "कोणता घेऊ?" हा प्रश्न मी नेहमी सगळ्यात शेवटी घेते. त्याआधी काय करायचं, ते क्रमाने सांगते.

पहिली पायरी: पंधरा दिवस तक्रारवही ठेवा

एक साधी वही घ्या, किंवा फोनमधल्या नोट्समध्येच लिहा. लॅपटॉप किंवा फोन जेव्हा जेव्हा त्रास देईल, तेव्हा तीन गोष्टी नोंदवा: काय करत होतो, काय झालं, किती वेळ गेला. "स्लो आहे" एवढंच लिहू नका, त्यातून काहीच हाती लागत नाही. एका शिक्षिकेच्या वहीतल्या नोंदी अशा होत्या:

"सोमवार. मीट चालू, सोबत पीडीएफ आणि क्रोमचे दहा टॅब. आवाज तुटला, माउस अडकला. ५ मिनिटं."
"बुधवार. वर्गात चार्जर न्यायला विसरले. ४० मिनिटांत बंद."
"शुक्रवार. पुन्हा मीट. पुन्हा तेच."
"शनिवार. निकालपत्रक एक्सेलमध्ये केलं. काही त्रास नाही."

या चार ओळींत सगळं आहे. एक्सेल नीट चालतं म्हणजे प्रोसेसर आणि डिस्क ठीक आहेत. बऱ्याच गोष्टी एकदम उघडल्या की अडकतो म्हणजे रॅम पुरत नाही. बॅटरी तर संपलेलीच आहे. त्यांना ८ जीबी रॅमची पट्टी आणि नवी बॅटरी बसवून दिली, काम झालं. आणि समजा रॅम वाढवायची सोयच नसती, तर नवा घेताना त्यांनी नेमकं काय बघायचं होतं, तेही याच चार ओळींनी सांगितलं असतं. म्हणून ही वही जपून ठेवा, पुढे दुकानात जाताना तीच न्यायची आहे.

पंधरा दिवसांत वहीत दोन-तीनच नोंदी झाल्या, तर तुम्हाला नव्या वस्तूची गरज नाही. नवी वस्तू आवडली म्हणून घ्यावीशी वाटणं ही वेगळी गोष्ट आहे, आणि परवडत असेल तर त्यातही काही वाईट नाही. फक्त ते स्वतःला स्पष्ट माहीत असावं, म्हणजे मग कर्ज काढून घेतलं जात नाही.

दुसरी पायरी: घरच्या घरी तपासणी

लॅपटॉपवर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणं एकदम दाबली की टास्क मॅनेजर उघडतो. त्रास होत असतानाच तो उघडायचा, सगळं सुरळीत असताना नाही. कोणता रकाना ९० टक्क्यांच्या वर अडकून बसलाय ते बघा. डिस्क अडकली असेल आणि आत जुनी हार्ड डिस्क असेल, तर एसएसडीने लॅपटॉपचा जन्म बदलतो. लॅपटॉपमधली हार्ड डिस्क सेकंदाला साधारण १०० एमबी वाचते, साधी साटा एसएसडी ५०० च्या पुढे. पण खरा फरक बारीकसारीक फायली शोधण्यात पडतो, कारण हार्ड डिस्कमधली सुई प्रत्येक वेळी जागेवर जाऊन पोचावी लागते आणि एसएसडीत फिरणारं काहीच नसतं.

मेमरीचा रकाना भरलेला असेल तर त्याच खिडकीत परफॉर्मन्समध्ये जाऊन मेमरीवर टिचकी मारा. तिथे किती स्लॉट आहेत आणि किती वापरात आहेत ते दिसतं. मात्र काही लॅपटॉपमध्ये रॅम बोर्डावरच डाग देऊन बसवलेली असते आणि तरीही तिथे स्लॉट दिसतात. त्यामुळे पट्टी विकत घेण्याआधी मागचं झाकण उघडून खात्री करून घ्या, किंवा जवळच्या दुकानात उघडून बघायला सांगा.

प्रोसेसरच अडकला असेल तर आधी लॅपटॉपला हात लावून बघा. तापलेला असेल आणि पंखा घोंघावत असेल, तर बहुतेक वेळा जाळीत धूळ साचलेली असते आणि प्रोसेसरवरची थर्मल पेस्ट वाळलेली असते. प्रोसेसर तापला की स्वतःला वाचवण्यासाठी वेग कमी करतो. माझ्याकडे येणाऱ्या पाच-सहा वर्षं जुन्या लॅपटॉपमध्ये पंख्याच्या तोंडाशी धुळीची अक्षरशः गादी निघते. साफसफाई आणि नवी पेस्ट, काही शे रुपयांचं काम.

बॅटरीसाठी विंडोजमध्येच सोय आहे. कमांड प्रॉम्प्ट उघडून इंग्रजीत पॉवरसीएफजी, मग एक जागा सोडून तिरकी रेघ आणि तिला जोडून बॅटरीरिपोर्ट असं टाइप करा. एक फाइल तयार होते. तिच्यात डिझाइन कपॅसिटी म्हणजे कारखान्यातून निघताना होती ती क्षमता आणि फुल चार्ज कपॅसिटी म्हणजे आज उरलेली. पहिला आकडा ४१,००० आणि दुसरा १७,००० असेल, तर ४१ टक्केच बॅटरी शिल्लक आहे. ही बॅटरी बदलण्याची वेळ झाली, लॅपटॉप बदलण्याची नव्हे.

आयफोनमध्ये हाच आकडा सेटिंग्जमध्ये बॅटरी हेल्थ या नावाने दिसतो. अ‍ॅपलच्या म्हणण्याप्रमाणे आयफोन १४ पर्यंतच्या बॅटऱ्या ५०० पूर्ण चार्जनंतर ८० टक्के क्षमता राखाव्यात अशा बनवलेल्या आहेत, १५ पासून पुढच्या १,००० चार्जनंतर. सॅमसंगमध्ये सॅमसंग मेंबर्स या अ‍ॅपमधून तपासणी होते. फोन अडखळत असेल तर स्टोरेज किती भरलंय ते आधी बघा. ते काठोकाठ भरलं की चांगला फोनसुद्धा धापा टाकतो. निम्म्या घरांत हा त्रास नातेवाइकांच्या ग्रुपवरच्या सुप्रभात व्हिडिओंनी झालेला असतो. व्हॉट्सअ‍ॅपच्या सेटिंग्जमध्ये स्टोरेज अँड डेटामध्ये जाऊन मोठ्या फायली काढून टाका आणि दोन दिवस फोन वापरून बघा.

एक इशारा. बॅटरी फुगली असेल, म्हणजे फोनचं मागचं झाकण उचललं गेलं असेल किंवा लॅपटॉपचं टचपॅड वर आलं असेल, तर पंधरा दिवसांची वही वगैरे काही नाही. त्याच क्षणी चार्जर काढा, वस्तू बंद करा आणि दुकानात न्या. दाबू नका, टोचू नका, गादीवर ठेवू नका.

तिसरी पायरी: अपडेटची मुदत बघा

वस्तू धडधाकट असूनही निकामी होऊ शकते, ती इथे. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. घरगुती वापरकर्त्यांना नाव नोंदवून १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत सुरक्षेचे अपडेट मिळतात, त्यापुढे नाहीत. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप लागते आणि प्रोसेसर मायक्रोसॉफ्टच्या यादीतला लागतो. इंटेलमध्ये ढोबळ मानाने आठवी पिढी आणि पुढचे. मामांचा लॅपटॉप याच रेषेच्या अलीकडे होता म्हणून वाचला. सातव्या पिढीचा असता तर मी एसएसडी सुचवताना दहा वेळा विचार केला असता.

आडवाटेने विंडोज ११ टाकून देणारे मिळतात. ज्या लॅपटॉपवरून बँकेचे व्यवहार होतात, तिथे मी ते करत नाही. त्यापेक्षा जुन्या लॅपटॉपवर विंडोजऐवजी चालणारी लिनक्स मिंट ही यंत्रणा टाका. इंटरनेट, पत्रं, हिशोब, मराठी इन्स्क्रिप्ट टायपिंग हे सगळं त्यावर छान होतं आणि एक पैसा लागत नाही.

अँड्रॉइडमध्ये सेटिंग्ज, अबाउट फोन, अँड्रॉइड व्हर्जन असं जाऊन सिक्युरिटी अपडेटची तारीख बघा. वर्षभर जुनी असेल तर तो फोन कंपनीने सोडून दिला असं समजा. अशा फोनवर गाणी ऐका, पण यूपीआय ठेवू नका. व्हॉट्सअ‍ॅपसुद्धा जुन्या अँड्रॉइडचा आधार टप्प्याटप्प्याने काढत असतं. जानेवारी २०२५ मध्ये अँड्रॉइड ४.४ गेलं.

चौथी पायरी: महिन्याचा हिशोब

दुरुस्ती करावी की नको, यासाठी मी एकच गणित वापरते. खर्च भागिले त्यातून मिळणारे महिने. समजा फोनची बॅटरी २,५०० रुपयांना पडते आणि त्या फोनचे अपडेट अजून दोन वर्षं चालू आहेत. म्हणजे महिना साधारण १०४ रुपये. नवा २० हजारांचा फोन चार वर्षं वापरला तर महिना ४१७ रुपये. बॅटरी बदला, विषय संपला. पण अपडेट पाच महिन्यांतच बंद होणार असतील, तर तीच बॅटरी महिना ५०० रुपयांना पडते. मावसबहिणीचं गणित इथेच चुकलं.

माझ्या अनुभवात बॅटरी, एसएसडी, रॅम, कीबोर्ड, बिजागरी यांवर केलेला खर्च वसूल होतो. बोर्ड गेला किंवा आत पाणी गेलं, तर सहसा होत नाही. पाणी गेलेला बोर्ड आज चालू करून दिला तरी पुढच्या पावसाळ्यात परत येतो. डिस्प्लेचं मध्येच आहे. चांगल्या फोनचा कंपनीचा डिस्प्ले फोनच्या किमतीच्या तिसऱ्या हिश्शापर्यंत जातो, आणि स्वस्तातला बसवला तर उन्हात दिसत नाही आणि बॅटरी जास्त खातो.

दुरुस्ती कुठेही करा, मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर, पुण्याच्या तपकीर गल्लीत किंवा गावातल्या दुकानात, तीन गोष्टी मागा: काढलेला जुना भाग परत, बसवलेल्या भागाचं नाव असलेलं बिल, आणि त्यावर लिहिलेली वॉरंटीची मुदत. चांगला कारागीर यावर कधी चिडत नाही.

पाचवी पायरी: या वस्तूला आणखी काय काय बांधलेलं आहे?

ही पायरी लोक विसरतात आणि सगळ्यात जास्त मनस्ताप इथेच होतो. लग्नपत्रिका छापणारे एक प्रेसवाले काका माझ्याकडे आले. नवाकोरा कॉम्प्युटर घेतला होता आणि त्यावर त्यांची वीस वर्षांची फाँटची व्यवस्था चालत नव्हती. श्रीलिपी या मराठी फाँटच्या सॉफ्टवेअरचा जुना डोंगल (ते चालण्यासाठी कॉम्प्युटरला जोडायची किल्ली), पेजमेकरमधल्या हजारो फायली आणि एक जुना लेझर प्रिंटर. विंडोज ११ फक्त ६४ बिटमध्येच येतं, आणि ६४ बिटच्या विंडोजवर ३२ बिटचे ड्रायव्हर, म्हणजे जोडलेली वस्तू चालवणारे प्रोग्रॅम, चालत नाहीत. डोंगलचा आणि प्रिंटरचा ड्रायव्हर दोन्ही तसलेच होते. तुळशीचं लग्न आठ दिवसांवर, म्हणजे ऐन सराईची सुरुवात. शेवटी जुनाच कॉम्प्युटर पुन्हा जोडून दिला, इंटरनेटची वायर काढून ठेवली, आणि काम तिथे, ईमेल नव्यावर अशी विभागणी करून दिली. ती आजही चालू आहे.

तुमच्याकडे मराठीचं काम असेल तर जुन्या फाँटमधल्या फायली वेळीच युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही कॉम्प्युटरवर वाचता येईल अशा मराठीत, बदलून घ्या. फाँट न सापडल्यामुळे आजोबांचं आत्मचरित्र नुसत्या इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा चिखल होऊन समोर येतं, तेव्हा फार वाईट वाटतं. मी हे बघितलंय. टॅलीचं लायसन्स, डिजिटल सहीचा टोकन, स्कॅनर, सोसायटीच्या हिशोबाचं जुनं सॉफ्टवेअर, कारच्या किंवा मशिनच्या केबल्स: एका कागदावर यादी करा आणि प्रत्येकापुढे नव्या विंडोजवर चालतं का ते लिहा. एखाद्यापुढे "नाही" आलं, तर त्याचा खर्चही नव्या लॅपटॉपच्या किमतीत धरा.

सहावी पायरी: आता "कोणता घेऊ?"

इथपर्यंत येऊनही नवाच घ्यायचा ठरला, तर तक्रारवही उघडा. तिथे जे लिहिलंय त्यावर पैसे टाका, बाकी ठिकाणी वाचवा. सतत प्रवासात असाल तर वजन आणि बॅटरी. दिवसभर टायपिंग असेल तर कीबोर्ड, आणि तो दुकानात जाऊन स्वतः दोन परिच्छेद टाइप करूनच ठरवा.

रॅम आज १६ जीबी घ्या. ८ जीबीचा घेणारच असाल तर वाढवता येते याची लेखी खात्री हवी. एरवी मी सांगायचे की ८ जीबीचा घ्या आणि पट्टी नंतर स्वस्तात टाका. पण २०२५ च्या शेवटापासून हे गणित बदललंय. एआयच्या डेटा सेंटरांना मेमरी चिप लागतात, कारखान्यांनी माल तिकडे वळवला, आणि रॅम-एसएसडी दोन्ही महागले. मायक्रॉनने तर डिसेंबर २०२५ मध्ये क्रुशियल हा ग्राहकांसाठीचा आपला ब्रँडच बंद करत असल्याचं जाहीर केलं. मामांच्या एसएसडीचा भाव आज मिळेल याची हमी मी देणार नाही. त्यामुळे आता १६ जीबीचा तयार लॅपटॉप आणि ८ जीबी अधिक पट्टी, असे दोन्ही भाव काढून मगच ठरवा.

प्रोसेसरच्या नावात फसगत होते, म्हणून जरा सविस्तर सांगते. एएमडीचे रायझन ५ ७५२०यू आणि रायझन ५ ७५३०यू ही नावं दुकानाच्या पाटीवर सारखीच वाटतात. पण या ७००० मालिकेत तिसरा आकडा आतली रचना सांगतो. २ म्हणजे झेन २, ही मुळात २०१९ ची रचना. ३ म्हणजे झेन ३ च्या घरातली. ४ म्हणजे झेन ४. त्यातून ७५२०यू मध्ये चार कोअर आहेत, ७५३०यू मध्ये सहा. शिवाय ७५२०यू असलेल्या लॅपटॉपमध्ये रॅम बोर्डावरच बसवलेली असते, नंतर वाढवता येत नाही. पहिला आकडा ७ बघून "नवीन आहे" असं सांगितलं जातं आणि लोक घेतात. पाटीवरचं "रायझन ५" किंवा "आय५" पुरेसं नाही, पूर्ण नंबर लिहून घ्या. इंटेलमध्ये आय५-१२३५यू म्हणजे बारावी पिढी, आणि शेवटचा यू म्हणजे कमी वीज खाणारा; एच असेल तर जोरदार, पण बॅटरी लवकर संपवणारा. शिकणाऱ्या मुलांसाठी ४ जीबी रॅम आणि ईएमएमसी (एसएसडीपेक्षा संथ) स्टोरेजवाले स्वस्त लॅपटॉप विकतात. कृपया घेऊ नका. त्या पैशात तीन-चार वर्षं वापरलेला, कंपनीतून निघालेला चांगला लॅपटॉप मिळतो.

पडद्याकडेही लक्ष द्या, कारण दिवसभर तोच बघायचा आहे. माहितीपत्रकात ४५ टक्के एनटीएससी आणि २५० निट्स असं असेल तर रंग फिके आणि उजेडात दिसायला त्रास. १०० टक्के एसआरजीबी आणि ३०० निट्सच्या पुढचा मिळाला तर दोन-तीन हजार जास्त द्यायला हरकत नाही, फोटो किंवा डिझाइनचं काम असेल तर हवाच.

फोनमध्ये मी सगळ्यात आधी अपडेटची वर्षं विचारते. गूगल पिक्सेल ८ पासून आणि सॅमसंग गॅलेक्सी एस२४ पासून सात वर्षांचं आश्वासन आहे, सॅमसंगच्या ए३६ आणि ए५६ ला सहा. अ‍ॅपल आधी आकडा सांगत नाही, पण २०१८ चे एक्सआर आणि एक्सएस २०२५ च्या आयओएस २६ मधून वगळले गेले, त्यावरून अंदाज येतो. एक बारकावा मात्र लक्षात ठेवा. ही वर्षं फोन बाजारात आला त्या दिवसापासून मोजतात, तुम्ही घेतल्यापासून नाही. दोन वर्षांपूर्वीचं मॉडेल सेलमध्ये पाच हजारांनी स्वस्त मिळालं, तरी त्याची दोन वर्षं आधीच खर्ची पडलेली असतात. वरचंच महिन्याचं गणित इथे पुन्हा करा. ज्या स्वस्त फोनवर वर्षांचा उल्लेखच नाही, तो दोन वर्षांचा धरून भागाकार करा.

वापरलेला फोन घेत असाल तर *#०६# दाबून आयएमईआय नंबर काढा आणि सरकारच्या संचार साथी पोर्टलवर तपासा, किंवा इंग्रजीत केवायएम लिहून एक जागा सोडून तो नंबर १४४२२ वर एसएमएस करा. चोरीचा म्हणून बंद केलेला असेल तर कळतं. विकणाऱ्याचं गूगल किंवा अ‍ॅपल खातं तुमच्यासमोर काढून, फोन रीसेट करून, पहिल्या पडद्यापासून चालू करून बघा. लॅपटॉपही रीसेट करून इंटरनेटला जोडा. जुन्या कंपनीचं नाव झळकलं तर तो अजून त्यांच्या ताब्यात आहे, सोडून द्या. बायोसला, म्हणजे विंडोजच्याही आधी चालू होणाऱ्या प्रोग्रॅमला, पासवर्ड आहे का तेही बघा.

सातवी पायरी: कधी घ्यायचा?

गरज आज असेल तर आज घ्या. बंद पडलेल्या लॅपटॉपवर दसऱ्याची वाट बघत तीन महिने काढले, तर तेवढ्यात कामाचं नुकसान जास्त होतं. पण दोन-तीन महिने निघत असतील तर थोडं कॅलेंडर बघावं. आयफोन सप्टेंबरात येतो आणि मागच्या मॉडेलचा भाव उतरतो. सॅमसंगचे एस मालिकेचे फोन वर्षाच्या सुरुवातीला येतात. दसरा-दिवाळीच्या आधीचे ऑनलाइन सेल सर्वांत मोठे, नंतर जानेवारी आणि ऑगस्टचे. पाडवा, दसरा, अक्षय्य तृतीया या मुहूर्तांना नवी वस्तू घरी येण्यात आनंद असतो, आणि गल्लीतला दुकानदारही तेव्हा बॅग, माउस, कधी वाढीव वॉरंटी देतो. भाव मात्र सहा आठवडे आधीपासून तक्रारवहीच्या शेवटच्या पानावर दर रविवारी लिहीत जा. सेलच्या दिवशी खोडलेली जुनी किंमत बघू नका, आपलं पान बघा.

इंजिनीअरिंगला जाणाऱ्या मुलांच्या पालकांना कळकळीने सांगते, निकाल लागल्या लागल्या लॅपटॉप घेऊ नका. प्रवेशाच्या कॅप फेऱ्या संपून शाखा नक्की होऊ द्या, महिनाभर वर्गात बसू द्या. सिव्हिल-मेकॅनिकलला पुढे कॅडसाठी, म्हणजे कॉम्प्युटरवर आराखडे काढण्यासाठी, वेगळं ग्राफिक्स कार्ड उपयोगी पडतं, कोडिंगला रॅम आणि चांगला पडदा. वरच्या वर्गातल्या मुलांना विचारून सॉफ्टवेअरची यादी आणा. जूनमध्ये घेतलेले गेमिंगचे जड लॅपटॉप दिवाळीत विकायला आलेले मी दरवर्षी बघते.

नो कॉस्ट ईएमआयबद्दल. शून्य टक्के व्याजाच्या योजनांवर रिझर्व्ह बँकेने २०१३ मध्येच आक्षेप घेतला आहे. बँक व्याज लावतेच, तेवढी रक्कम विक्रेता सवलत म्हणून आधी वजा करतो. ६० हजारांचा लॅपटॉप सहा हप्त्यांत, १६ टक्के दराने घेतला तर व्याज साधारण २,७०० रुपये होतं. ते सवलतीत फिटतं, पण त्यावरचा १८ टक्के जीएसटी, म्हणजे सुमारे ४९० रुपये, आणि वर प्रोसेसिंग फी तुम्हीच भरता. शिवाय रोखीने घेतला तर मिळणारी सूट सुटली का, तेही विचारा. हे सगळं बघून सोयीचं वाटलं तर जरूर घ्या. आणि जीएसटी नोंदणी असेल तर बिलावर आपला नंबर टाकून घ्यायला विसरू नका.

आठवी पायरी: घरी आणल्यावर

खोका उघडताना व्हिडिओ काढा. खोक्यावरचा, वस्तूवरचा आणि बिलावरचा सीरियल नंबर एकच आहे ना बघा, आणि तो कंपनीच्या वेबसाइटवर टाकून वॉरंटी कधीपासून सुरू झाली ते तपासा. बदलून देण्याची मुदत बहुतेक ठिकाणी सात-दहा दिवसांचीच असते, म्हणून पहिल्या आठवड्यात सगळं वापरून घ्या: प्रत्येक पोर्ट, दोन्ही स्पीकर, कॅमेरा, वायफाय, पांढऱ्या आणि काळ्या पडद्यावर ठिपके. विक्रेता टोलवाटोलवी करू लागला तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा नंबर आहे.

फोन बदलताना जुना फोन निदान पंधरा दिवस चालू ठेवा. बँकेची अ‍ॅप्स नव्या फोनवर सिमच्या आधारे नव्याने नोंदवावी लागतात आणि बऱ्याच बँका पहिले २४ तास यूपीआयची मर्यादा कमी ठेवतात. म्हणून मंगल कार्यालयाचे पैसे भरायच्या दिवशी फोन बदलू नका. ओटीपी दाखवणारं ऑथेंटिकेटर अ‍ॅप आधी नव्यावर घ्या, मगच जुना पुसा.

राहिला जुना लॅपटॉप. विकायचा, एक्सचेंजला द्यायचा किंवा पुतण्याला द्यायचा असेल तर आतली डिस्क काढून घेता येते का बघा. काही शे रुपयांच्या यूएसबी केसिंगमध्ये ती बसवली की बॅकअपची डिस्क तयार होते. मामांची १ टीबीची डिस्क आम्ही अशीच बसवली आणि तिच्यात घरातल्या तीन लग्नांचे फोटो आहेत. वस्तू अगदीच निकामी असेल तर घंटागाडीत टाकू नका. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांप्रमाणे जुन्या मालाच्या पुनर्वापराची जबाबदारी उत्पादक कंपन्यांवर आहे, आणि त्यांच्या वेबसाइटवर संकलन केंद्रं दिलेली असतात. डिस्क वेगळी केली असली तरी घाई करू नका. ती नव्या लॅपटॉपला जोडा, मधूनच दोन-चार फोल्डर उघडा, एखादा व्हिडिओ शेवटपर्यंत चालवून बघा, आणि मगच जुना लॅपटॉप हातातून सोडा.